‘आराम’ या शब्दाचा उलटतपास

माणसाला किती दुखलं हे सिद्ध करून देण्याचा धंदा मी एकतीस वर्षं केला. धंदाच म्हणते. समाजसेवा म्हणणारे वकील आमच्या बाररूममध्ये पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या फीचे आकडे ऐकले की मला समाजाचीच कणव येते. मी नुकसानभरपाईचे दावे चालवायचे. जीपखाली आलेले, मळणीयंत्रात हात गेलेले, विहिरीवरच्या क्रेनचा दोर तुटून खाली गेलेले, असे आमचे पक्षकार. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला तसा काळा कोट खुंटीला टांगला. आता या अंकाच्या संपादकांचा फोन आला, की म्याडम, कोर्टातल्या गमतीजमती लिहा, फराळाबरोबर वाचकांना हलकंफुलकं काही लागतं. म्हटलं, गमतीच लिहिते. आमच्या धंद्यात त्यांना काही तोटा नाही.

आधी धंदा समजून घ्या. भरपाईच्या दाव्यात रकाने असतात. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढचं औषधपाणी. यांच्या पावत्या असतात, त्यामुळं त्यावर फार भांडण होत नाही. सगळ्यात खाली एक रकाना असतो, ‘वेदना व यातना’. आणि नवरा किंवा बायको गेली किंवा कायमची आजारी झाली असेल तर आणखी एक, ‘सहवासास मुकणे’. या दोन्हींची पावती कुठल्याच दुकानात मिळत नाही. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, कळ दिसत नाही. म्हणून हे रकाने साक्षीदाराच्या तोंडावर चालतात. पिंजऱ्यात उभं राहून ज्याला नीट कण्हता येतं त्याचं दुःख मोठं, हा आमच्याकडचा न्याय.

परंड्याचा एक स्टेशनरीवाला माझा पक्षकार होता. मोटारसायकलवरून पडून त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं आणि दीड महिन्यात जुळलं. साक्षीच्या दिवशी गडी असा काही उभा राहिला की मीच घाबरले. म्हणाला, "साहेब, भांग पाडायला हात वर जात न्हाय, बायकू पाडती." साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. जेवणाच्या सुट्टीत हाच गृहस्थ कँटीनमध्ये दोन्ही हात डोक्यावर नेऊन परंड्याच्या कुणाला तरी हाका मारत होता. मी त्याला डोळ्यानं दटावून हात खाली घ्यायला लावले. त्याच्या यातनांना भरघोस रक्कम मिळाली आणि मी माझी फी घेतली. तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखी आहे असं कुणी समजू नये.

हे आधी सांगितलं, कारण आता जिच्याविषयी सांगायचंय ती बाई याच्या बरोबर उलट होती. तिचं नाव सुगलाबाई, राहणारी मुरूमची. कोर्टात कसं दुखावं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्याकडं आली तेव्हा साठीची असेल. बरोबर तिचे मालक, मल्लिनाथ काका. काकांनी तरुणपणी चौदा वर्षं आमच्याच भागातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात काम केलेलं. कारखान्याचं नाव सांगत नाही. तो कधीच बंद पडला. जमीन विकली, पाटी बदलली, पण कंपनी जिवंत आहे आणि तिला वकील परवडतात.

सिमेंटचा पत्रा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. निम्म्या जिल्ह्याचे गोठे आणि शाळा त्याच्याखाली उभ्या आहेत. त्या सिमेंटला धरून ठेवायला त्यात अ‍ॅस्बेस्टॉस घालायचे. दगडाचा कापूसच म्हणा. धागा केसाहून बारीक. नाकातून आत गेला की फुप्फुसाच्या आवरणात रुततो आणि तीस-चाळीस वर्षं मुकाट बसून राहतो. मग एके दिवशी दम लागायला लागतो, आणि डॉक्टर तुम्हाला बाहेर बसवून नातेवाइकांना आत बोलावतात.

काकांचं काम गोण्या फोडून हौदात रिकाम्या करायचं. तोंडाला रुमाल, तोही घरचा. संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. कपडे धुवायचं काम सुगलाबाईचं. आमच्या भागात पाण्याची काय तऱ्हा आहे ते सांगायला नको. नळ आठ-आठ दिवस रुसलेला. मग मळकट कपडा धुवायची आमची पद्धत ठरलेली. आधी दारात उभं राहून खळाखळा झटकायचा, म्हणजे दोन पाण्याचं काम एका पाण्यात होतं. सुगलाबाईनं चौदा वर्षं रोज ते कपडे दारात झटकले. कारखान्यात न जाता तिनं तो कापूस पोटभर खाल्ला. काकांच्या छातीला फार काही झालं नाही. कॅन्सर तिला झाला.

कामगाराला असा रोग झाला तर कायदा आहे. पगार आणि वय यांचा एक गुणाकार करतात आणि हातावर ठेवतात. दुखण्याला त्यात जागाच नाही, पण निदान काहीतरी मिळतं. सुगलाबाई कामगार नव्हती. मग दिवाणी दावा, आणि त्यात मजुरी काय दाखवणार? पहाटेपासून राबणारी बाई. दोन म्हशी, चार माणसांचा स्वयंपाक, लोकांच्या शेतात खुरपणी. कंपनीच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, तिच्यासाठी तीन शब्द होते: ‘गृहिणी, उत्पन्न निरंक’. म्हणजे सगळा दावा येऊन टेकला त्या खालच्या दोन रकान्यांवर, तिच्या यातना आणि काकांचा सहवास.

पहिल्याच दिवशी सुगलाबाई पाणी प्यायला बाहेर गेली तशी काकांनी टोपी हातात घेतली.

"वकीलबाई, किती मिळंल ते म्या इचारत न्हाय. कोर्टानं एवढंच लिहून द्यावं, धूळ कंपनीची हुती. आमच्या साडूनं चारचौघांत मला म्हटलं, तूच आणलास की रोग घरला. तिच्या माहेरचे आता माझ्याशी बोलत न्हाईत."

"आणि सुगलाबाई काय म्हणतात?"

"ती काय म्हनंल. ती आराम म्हंती."

त्या शब्दाकडं तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. बायको परत आली तसे काका बसच्या वेळेचं बोलायला लागले.

दावा दाखल झाला. कंपनीनं अर्ज केला की बाईंची तपासणी आमच्या डॉक्टरांकडून करून घ्यायची आहे. सोलापूरहून एक डॉक्टर आले. अंगाला अत्तर, खिशात एक कार्ड. कार्डावर गोल चेहरे काढलेले, शून्यावर हसरा आणि दहावर ढसाढसा रडणारा. दुखणं मोजायचं शास्त्रीय साधन म्हणे. इयत्ता पहिलीच्या पुस्तकात याहून चांगली चित्रं असतात. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, दहापैकी किती दुखतं?" काका तिच्या शेजारीच बसले होते.

"धा म्हंजे लईच झालं की," सुगलाबाई म्हणाली.

"मग आठ लिहू?"

"नगं, नगं."

"पाच?"

"आजून कमी करा थोडं."

पंगतीत बसलेली पाहुणी जशी अर्धीच वाढा, अर्धीच वाढा म्हणत हात आडवा धरते, तशी तिनं ती बोली खाली खाली आणली आणि दोनावर सोडली. डॉक्टरांनी ‘दोन’ लिहिलं, खाली सही, शिक्का. दोन दिवसांपूर्वी याच बाईच्या छातीत सुई घालून तांब्याभर पाणी काढलेलं होतं, आणि पडून झोपता येत नाही म्हणून ती भिंतीला टेकून बसून रात्र काढत होती. मी हरकत नोंदवली. माझ्या हरकतींनी एक अख्खं कपाट भरलेलं आहे.

मग साक्षीची तारीख आली. कोर्ट कुठलं ते विचारू नका. न्यायाधीश दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातून नुकतेच बदलून आलेले, माणूस सरळ, पण इकडची बोली कानाला नवी. कंपनीकडून पुण्याचे एक मोठे वकील कागदोपत्री होते. प्रत्यक्ष उभे राहायचे त्यांचे इथले सहकारी, आमच्या सीमेवरच्याच गावचे. त्यांना आम्ही हसरे वकील म्हणायचो. गळा कापतानाही त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू ढळत नसे.

सुगलाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. हसरे वकील उठले, दोन्ही हात जोडले, आणि माहेरचा माणूस बोलावा तसं म्हणाले, "अक्का, आराम?"

सुगलाबाईचा चेहरा उजळला. एवढ्या काळ्या कोटांत कुणीतरी आपल्या बोलीतलं भेटलं. ती म्हणाली, "आराम री. तुमी?"

"आम्हीबी आराम," म्हणाले आणि साहेबांकडं वळले. "साहेब, हे उत्तर नोंदीवर घ्यावं."

आता बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मुरूमकडं अर्धं मराठी, अर्धं कानडी; ‘री’ म्हणजे अहो. तिथं माणूस भेटला की ‘आराम?’ विचारायचं आणि समोरच्यानं ‘आराम’ म्हणायचं, जसं इकडं रामराम. घराला आग लागलेली असली तरी आधी आराम म्हणायचं आणि मग बादली मागायची. पण कोर्टाच्या मराठीत आराम पडला म्हणजे दुखणं कमी झालं. हसऱ्या वकिलांना दोन्ही अर्थ पक्के ठाऊक होते. साहेबांना एकच ठाऊक होता. त्यांनी टायपिस्टला सांगितलं, "लिहा, मला आता आराम आहे."

मी ताडकन उठले. म्हटलं, साहेब, हा नमस्कार आहे, उत्तर नव्हे. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, शब्द साक्षीदाराचाच आहे. मी काय पदरचं घातलं?" हे खरंच होतं, त्यामुळं माझा पारा आणखी चढला. पुढचा उलटतपास हसऱ्या वकिलांनी दहा मिनिटांत गुंडाळला. स्वयंपाक तुम्हीच करता ना? व्हय. देवळात जाता ना? व्हय. कार्यातल्या जेवणाला गेला होतात ना? व्हय. त्या जेवणात सून थुंकायचा डबा घेऊन मागं उभी होती आणि बाईला दोन घास गिळवले नव्हते, हे त्यांनी विचारलं नाही.

आता नियम असा आहे, की विरोधी वकिलानं साक्षीदाराच्या तोंडून काही वेडंवाकडं काढलं, तर आपल्याला पुन्हा प्रश्न विचारून ते साफ करता येतं. त्याला फेरतपास म्हणतात. मला तेव्हाच विचारता आलं असतं, सुगलाबाई, आराम म्हणजे काय? पाच वाजायला दहा मिनिटं होती. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि हसऱ्या वकिलांच्या त्या हसण्यानं डोकं भणाणलं होतं. शिवाय अहंकार. या माणसाला पुढच्या वेळी असा प्रश्न तयार करून आणते की हसणं विसरेल. साहेबांनी विचारलं, "फेरतपास आज करता की पुढच्या तारखेला?" मीच म्हटलं, पुढच्या तारखेला. एकतीस वर्षांत मी ज्या चुका केल्या त्यात ही सगळ्यात मोठी, आणि ती दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर थापता येत नाही.

व्हरांड्यात मी सुगलाबाईवर चिडले. म्हटलं, अहो, त्या माणसाला कसलं आराम सांगता? रात्रभर बसून काढता ते सांगायचं सोडून? ती बाकाला धरून दम घेत होती. दम परत आल्यावर हळूच म्हणाली, "वकीलबाई, मालक मागं बसल्यात की."

"बसू द्या. त्यांचाच तर दावा आहे."

"त्यांनी ऐकलं तर त्यांना वाटंल, आपल्या कापडांनी हिला किती तरास झाला. आदीच जेवत न्हाईत नीट. एकदा इहिरीवर नुसतेच जाऊन बसले हुते. म्या घरात बी आराम म्हंते आन् हितं बी आरामच म्हननार."

हसऱ्या वकिलांनी तिला फसवलं असं मी समजत होते. त्यांनी नसतं विचारलं तरी तिनं तेच सांगितलं असतं. त्या गर्दीत ती वकिलाला, साहेबांना, मला कुणालाच उत्तर देत नव्हती. मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलेल्या एका माणसाला ती सांगत होती, की तुमच्यामुळं मला काही झालेलं नाही. आणि मी तिची वकील, ती मला तोंडानं सांगेपर्यंत मला हे दिसलं नव्हतं.

शेवटी तिनं तोड काढली. "पुढच्या बारीला मालकांना चहाला पाटवा. मग समदं सांगते. काय काय हुतंय ते समदं."

पुढच्या तारखेला हसरे वकील आजारी पडले. त्याच्या पुढच्या तारखेला साहेब प्रशिक्षणाला गेले. मग सुट्ट्या लागल्या. मग पुण्याच्या मोठ्या वकिलांना स्वतः हजर राहायचं होतं म्हणून मुदत, आणि ते काही आले नाहीत. तारीख पे तारीख म्हणून लोक हसतात. मीही हसायचे. घरी जाऊन जबाब घ्यावा असा अर्ज मी दिला, त्यावर म्हणणं द्यायला कंपनीनं मुदत मागितली, आणि ते म्हणणं येण्याआधी सुगलाबाई गेली. नोंदीवर तिचा शब्द तेवढाच राहिला, मला आता आराम आहे.

ती गेल्यावर कंपनीनं काय अर्ज केला असेल? सांगते, पण घास गिळून मग वाचा. अर्ज असा, की वेदना ही ज्याची त्यालाच होते. ज्या बाईला वेदना होत होत्या ती आता नाही, सबब वेदनाही उरलेली नाही, सबब दावा निकाली काढावा. आधी माणूस मारायचा आणि मग म्हणायचं, आता दुखणारं कोण आहे? चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण त्या बोंबांना शिक्का मारून कोर्टफी तिकीट लावलेलं मी प्रथमच पाहिलं. साहेबांनी तो अर्ज फेटाळला, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मग काका साक्षीला उभे राहिले. हसऱ्या वकिलांनी पुन्हा तेच हात जोडले आणि बायकोचा जबाब वाचून दाखवला. विचारलं, "तुमच्या पत्नीनं तुमच्याजवळ कधी दुखतंय म्हणून तक्रार केली?"

"न्हाय."

"कधीच नाही?"

"कधीच न्हाय."

"म्हणजे त्यांना फारसा त्रास नव्हता, असं म्हणणं बरोबर आहे?"

मी मनात म्हटलं, संपलं. मग काका बोलले, आणि साहेबांकडं न बघता बोलले.

"ती कडब्याच्या गंजीमागं जाऊन खोकायची. पदराचा बोळा तोंडात घालून. मला ऐकू येऊ नये म्हून. म्या म्हशीपाशी असायचो, मला समदं ऐकू यायचं. मग म्या घरात शिरायच्या आदी अंगणातनंच मोठ्यानं खाकरायचो. म्हंजे तिला कळावं मालक आले, आन् डोळं पुसायला, पदर सारखा करायला जरा टाईम मिळावा. म्या आत आलो की इचारायचो, आराम? ती म्हनायची, आराम. तिनं एवढ्या मेहनतीनं झाकल्यालं, साहेब. ते म्या कसं उघडं करू? दोन वरीस आमी हेच केलं."

हसरे वकील खाली बसले, आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं हे मला कबूल केलं पाहिजे. मला वाटलं, जिंकलो.

पण एवढं सगळं नोंदीवर कसं आलं बघा. साहेबांनी लांब उत्तराचा सारांश सांगितला. त्यात एक वाक्य असं पडलं: ‘मी घरात शिरताना खोकत असे.’ आमच्याकडं पुरुषमाणूस बायकांत शिरायच्या आधी खाकरतो, ही रीत. त्याचा त्यांनी खोकला केला. युक्तिवादात पुण्याचे मोठे वकील खरोखरीच उगवले आणि त्यांनी त्या वाक्यावर अर्धा तास भाषण केलं. नवऱ्यालाही खोकला होता, पाहा साहेब, म्हणजे घरातच काही संसर्ग असावा. मी ती दुरुस्ती मागितली होती, ती मिळालीही, पण समासात, पेन्सिलीच्या टोकाएवढ्या बारीक अक्षरात. समास कोण वाचतो?

निकाल लागला. इंग्रजीत, अठ्ठावीस पानं. काका त्या दिवशी धुतलेली टोपी घालून माझ्या ऑफिसात आले आणि समोर बसले. रक्कम विचारली नाही. म्हणाले, "धुळीचं काय लिवलंय ते वाचा."

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. धूळ घातक आहे हे कंपनीला ठाऊक होतं, असं साहेबांनी स्वच्छ लिहिलं होतं. कंपनी जबाबदार, असंही लिहिलं होतं. सुगलाबाईच्या यातनांना ठरीव ठोकळेबाज रक्कम, ‘मयत वादीने स्वतः आराम असल्याचे सांगितले’ या कारणासह. तेही मी सांगितलं. आणि मग पान उलटलं.

त्या पानावर लिहिलं होतं, की कारखान्याच्या फाटकाशी सूचना लावलेली होती, घरी जाण्यापूर्वी कामगारांनी अंघोळ करावी व कपडे बदलावेत. वादी क्रमांक दोन, म्हणजे मल्लिनाथ काका, यांनी तसं केलं नाही. त्यांच्याही हयगयीमुळं पत्नीला हा आजार झाला. सबब सहवासास मुकल्याबद्दलची त्यांची भरपाई निम्मी करण्यात येते. सूचना इंग्रजीत होती. काका चौथी शिकलेले, मराठी चौथी. आणि जिथं अंघोळ करायची त्या मोरीचा नळ कोरडा होता, हे दोन जुन्या कामगारांनी शपथेवर सांगितलं होतं. ते साहेबांनी विचारात घेतलं, असं त्यांनी एका ओळीत लिहिलं होतं.

मी दोन पानं एकदम उलटली.

"धूळ कंपनीची होती, असं लिहिलंय काका," मी म्हटलं.

ते माझ्या बोटांकडं बघत होते. "मदलं येक पान ऱ्हायलं का?"

"ते कायद्याचं आहे. जुन्या निकालांची नावं नुसती."

"बरं," काका म्हणाले. "लई चांगलं लिवलं साहेबांनी." आणि टोपी सारखी करून निघून गेले.

निकालावर अपील करायला मुदत असते. ती रोज एकेक दिवसानं सरत होती आणि मी रोज फाईल काढून परत कपाटात ठेवत होते. बाररूममधले शहाणे म्हणाले, म्याडम, मिळतंय ते घेऊन टाका, म्हातारा किती दिवस जगणार? असले सल्ले फुकट मिळतात. अपील करायचं तर त्याच पानाविरुद्ध करायचं होतं, आणि सही काकांची हवी होती. कोर्टाची पायरी चढून या माणसाला एवढंच हवं होतं, की चूक माझी नव्हती हे कुणीतरी लिहून द्यावं. कोर्टानं नेमकं उलटं लिहून दिलं होतं. आणि मी खोटं बोलले होते.

शेवटचा आठवडा राहिला तेव्हा मी मुरूमला गेले. काका अंगणात शेंगा निवडत बसले होते. घराच्या छपरावर तोच सिमेंटचा पत्रा, कारखान्यानं कामगारांना सवलतीत दिलेला. सुनेनं चहा आणला. मी तो तसाच ठेवला आणि म्हटलं, "काका, त्या दिवशी मी एक पान सोडलं."

"व्हय."

"त्यात लिहिलंय..." भरल्या कोर्टात एकतीस वर्षं बडबड केलेल्या बाईला ते वाक्य पुरं करता येईना. "त्यात लिहिलंय, की तुमचीही चूक होती."

"ठाव हाय," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशीच शाळंतल्या गुरुजींकडनं वाचून घितलं."

"मग मला बोलला नाहीत ते?"

"तुमी एवढं जपून पान उलटलं. म्हटलं, जाऊ द्या, बाईंना बरं वाटंल."

मी चहा उचलला. तो गार झाला होता, तसाच प्याले. मग सरळ सांगितलं. वर अपील केलं तर हेच पान तिथं पुन्हा वाचलं जाईल, मोठ्यानं, चार लोकांत. कंपनी पुन्हा तुमच्याकडं बोट दाखवेल. आणि हरलो तर ते कायमचं लागेल, मग खोडायला जागा नाही. काकांनी हातातल्या शेंगा सुपात टाकल्या, हात धोतराला पुसले आणि सुनेला चष्मा आणायला सांगितला.

"सही कुटं करायची?"

मी जागा दाखवली. त्यांनी एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं. मग जरा थांबले आणि त्याच्याखाली, कुणी सांगितलं नसताना, सुगलाबाईचंही नाव लिहिलं. मयत माणसाचं नाव सहीच्या जागी असलं की अपील घेणारा कारकून हरकत काढतो, हे मला ठाऊक होतं. काढू दे.